डाव्या हाताची शिकवणी

"मुलाचं वय?" संगीत अकादमीच्या काउंटरवरच्या मुलीनं अर्ज पुढे ओढत विचारलं.

"चोपन्न," बाई म्हणाल्या.

मुलीचं पेन थांबलं. अर्जात मुलाचं नाव, शाळा, इयत्ता आणि पालकांची सही असे रकाने होते.

"शिकायचंय कुणाला?"

"मला. पियानो."

"मग पालक म्हणून सही कुणाची घेऊ?"

"दोघंही वारले. माझीच घ्या."

मुलगी हसली आणि आत जाऊन विचारून आली. सोळाच्या पुढच्यांना घेत नाहीत. वर्गात लहान मुलं असतात, त्यांच्या आयांना चालत नाही. "मोठ्यांसाठी शनिवारी श्वसनाचा वर्ग आहे," ती म्हणाली. श्वास व्यवस्थित चालू आहे असं सांगून बाई जिना उतरल्या. उजव्या हातानं कठडा धरावा लागत होता म्हणून पर्स डाव्या कोपरात अडकवली होती. डाव्या मुठीत ती राहत नव्हती.

बाई कोर्टात टायपिस्ट होत्या. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश त्याचा मजकूर करून सांगायचे, आणि त्यांचं वाक्य संपेपर्यंत ते बाईंनी उतरवलेलं असायचं. एकतीस वर्षांत न्यायाधीश बदलले, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, खुर्ची तीच राहिली. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी वेणी घालताना डाव्या हातातून पेड सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा त्यांना हातच वर नेता आला नाही.

अर्धांगवायूचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवसांत जीभ वळायला लागली, दीड महिन्यात पाय. राहिली ती डाव्या हाताची शेवटची दोन बोटं, करंगळी आणि अनामिका. ती हलायची, पण स्वतःच्या मनात आलं तर.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्याबरोबर त्या राहत. घरात त्यांचा मान होता तो सव्वानऊला डबा घेऊन बाहेर पडणारं माणूस म्हणून. भावजय मनानं वाईट नव्हती. पण या पाच महिन्यांत तिच्या बोलण्यात एक सुरुवात रुळली होती. "ताई, घरीच आहात तर गॅसवाला येईल तेवढं बघा." "घरीच आहात तर कपडे आत घ्याल?" आधी ती विचारायची, मग नुसतं सांगायला लागली.

कोर्टाचं पत्र आलं. तीन महिन्यांनी वैद्यकीय मंडळासमोर वेगाची चाचणी. दहा मिनिटं, मिनिटाला चाळीस शब्द, शंभरात पाचापेक्षा जास्त चुका नकोत. जमलं तर खुर्ची परत, नाही तर शारीरिक असमर्थतेमुळे निवृत्ती. संधी एकच.

व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मातीचा गोळा दाबायला दिला होता, खुंट्या उचलायला दिल्या होत्या. "पियानो शिकता आला तर फारच उत्तम," त्या बोलता बोलता म्हणाल्या. बाईंनी ते उचललं. दहाही बोटांची अक्कल ज्यात लागते असं त्यांच्या ओळखीचं काम एकच होतं, आणि हे त्याचं भावंड वाटलं.

लॅपटॉपवर सराव करता आला असता. झटक्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी भावाच्या लॅपटॉपवर एकदा हात ठेवला होता. डावा हात ओल्या फडक्यासारखा पडून राहिला. भावजय मागे उभी होती. "राहू द्या ना ताई, कशाला जिवाला त्रास," ती मायेनंच म्हणाली. बाईंनी झाकण मिटलं. आता कीबोर्डला हात लावायचा तो कोर्टातच, हे त्यांनी तेव्हा ठरवलं.

अकादमीनंतर एक तरुण शिक्षक घरी आला, पाठीवरच्या पिशवीत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन. दहा दिवसांत एक गाणं, ही त्याची हमी. "काकू, डाव्या हाताला कामच ठेवलेलं नाही. एक बटण दाबायचं, साथ मशीनच करतं."

"मला डाव्या हाताचंच काम हवंय."

"मग काकू तुम्ही धुणं धुवा," तो हसत म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

तिसऱ्या शिक्षिका खरोखरीच्या होत्या. त्यांच्या दिवाणखान्यात मोठा पियानो होता, शिस्त होती, बोलणं गोड होतं. झटक्याचं ऐकताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. डॉक्टरांचं पत्र आणा म्हणाल्या. मग म्हणाल्या, पत्र आणलंत तरी नकोच. माझ्या घरात काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? बाई उठल्या. खरं किती सांगायचं, हे त्यांना त्या दिवाणखान्यात कळलं.

मास्तर भेटले ते जुन्या पियानोंच्या दुरुस्तीच्या दुकानात. पुढे सरस आणि लाकडाचा भुसा, पोट उघडे टाकलेले तीन पियानो. मागच्या खोलीत चालता असलेला एक, आणि त्यावर हे सत्तरीचे गृहस्थ. तीस वर्षं एका हॉटेलात लोक जेवत असताना वाजवलेलं, त्यामुळे कुणी ऐकतंय की नाही याची त्यांना फिकीर नव्हती.

"कसली घाई आहे का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. "लग्न, कार्यक्रम, परीक्षा?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग बसा. घाईवाल्यांना मी दारातूनच परत पाठवतो. हात ते बिघडवतात आणि नाव माझं होतं. काय करत होता?"

"कोर्टात टायपिस्ट होते. निवृत्त झाले. मध्ये आजारी होते, हा हात जरा मागे राहिलाय."

तीन दारं बंद झाली होती. चौथं बंद करून घ्यायची बाईंची तयारी नव्हती.

मास्तरांनी आधी उजव्या हातानं पाच पट्ट्या वाजवायला लावल्या. ऐकताना चेहरा आंबट केला. "हे वाजवणं नाही, टाइप करणं झालं. टक, की बोट वर. तव्याचा चटका बसल्यासारखं. टायपिस्टचं बोट पळपुटं असतं, बाई. तुमच्या उजव्या हाताचं आता काही होणार नाही. डावा बरा, तो सगळं विसरलाय. त्याला पहिल्यापासून नीट शिकवू."

नीट म्हणजे काय, तर पुढची पट्टी पूर्ण दबल्याशिवाय मागचं बोट उचलायचं नाही. सूर सुराला जोडायचा.

"एका कडेवरचं मूल दुसऱ्याच्या कडेवर कसं देता?" मास्तर म्हणाले. "त्यानं धरायच्या आत सोडून देता का?"

"मला मूल नाही."

"कुणाचं तरी घेतलं असेल की."

"भाऊ घेतलाय. तो लहान असताना."

"पाडला होता?"

"नाही."

"मग तसं."

आठवड्यातून तीन दिवस शिकवणी, फक्त डाव्या हाताची. घरी सरावाला मास्तरांनी पुठ्ठ्याची पट्टी दिली, तिच्यावर पियानोच्या पट्ट्या आखलेल्या. बाई जेवणाच्या टेबलावर ती ठेवून रोज दोन तास बोटं दाबत. "ताई, आवाज जरा कमी, शेजारी तक्रार करतील हं," भाऊ पेपरातून डोकं न काढता म्हणायचा. भावजय विचारायची, "वाजवून झालं असेल तर पानं घेऊ?"

पाचव्या आठवड्यात अनामिका सांगितल्यावर उतरली. आठव्यात करंगळी. दहाव्या आठवड्यात बाईंनी डाव्या हातानं एक छोटी चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली, कुठेही तुटू न देता. मास्तर खिडकीकडे बघत होते. "आता जोडलं," ते म्हणाले. त्या दिवशी बाई दोन थांबे आधीच बसमधून उतरल्या आणि पर्स डाव्या मुठीत धरून घरापर्यंत चालत गेल्या. खुर्ची परत मिळणार, याबद्दल त्यांच्या मनात त्या संध्याकाळी शंका नव्हती.

चाचणी कोर्टाच्याच इमारतीत होती. खोलीत मंडळाचे डॉक्टर आणि कार्यालयाचे अधीक्षक. अधीक्षकांनी बाईंबरोबर वीस वर्षं काम केलेलं. मजकूर एका सामाईक भिंतीच्या वादातल्या साक्षीचा होता, बाईंनी असे शेकडो उतरवलेले.

पहिले काही शब्द गेले. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. एका शब्दात एकच अक्षर पाच वेळा उमटलं होतं. पुढच्या शब्दात आणखी एक, सात वेळा. उजवा हात आपल्या जुन्या सवयीनं टकटक पुढे चालला होता. डावा प्रत्येक बटण दाबून धरत होता, पुढचं बोट पोचेपर्यंत. बटण दाबून ठेवलं की अक्षर ओघळत राहतं. पुठ्ठ्यावर असं काही उमटत नाही.

काय होतंय ते बाईंना ताबडतोब कळलं. उचल, त्यांनी बोटाला सांगितलं. बोट उचललं, पण शेजारचं आधी खाली जाऊन. तीन महिने त्यांनी त्याला हेच शिकवलं होतं. त्या हाताकडे बघून टाइप करायला लागल्या तसा उजवाही अडखळला. दहा मिनिटांत मिनिटाला सतरा शब्द झाले, आणि चुका मोजायचं डॉक्टरांनी अर्ध्यातच सोडून दिलं.

"बोटं अडकतात का?" त्यांनी विचारलं.

"अडकत नाहीत. मी धरून ठेवतेय."

"का?"

बाईंना सांगता आलं असतं. पियानो, मास्तर, सुराला सूर. एकतीस वर्षं त्यांनी साक्षीदारांची अशी उत्तरं उतरवली होती, आणि त्यानंतर खोलीत जी शांतता पसरते तीही ऐकली होती.

"सवय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी लिहिलं. अधीक्षक टेबलावरच्या फायली सारख्या करत राहिले.

बाई तिथून सरळ दुकानात गेल्या. शिकवणीचा दिवस नव्हता. मास्तरांना त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, पत्रापासून पडद्यापर्यंत.

"वाजवा," मास्तर म्हणाले.

बाईंनी बसून ती चाल वाजवली. एकही सूर सुटला नाही.

"हे बरोबर आहे."

"हेच चुकलं."

मास्तर एकदम भडकले. "मला म्हणाला असतात तर पहिल्या दिवसापासून उचलायला शिकवलं असतं! महिन्याभराचं काम होतं. उडतं वाजवायचं, पोरंसोरं वाजवतात. मी तर तुमच्यातला टायपिस्ट खणून काढत बसलो."

"तुम्ही घाईवाल्यांना घेत नाही म्हणालात."

मास्तरांनी पियानोचं झाकण लावून टाकलं, बाईंची बोटं तिथून निघायच्या आतच. बाईंनी ती घाईनं ओढून घेतली. दोघांनीही ते पाहिलं. "पुन्हा मागता येत नाही का चाचणी?" मास्तरांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही."

पुढच्या सोमवारी बाई कार्यालयात गेल्या. निवृत्तीचा अर्ज स्वतः द्यायचा असतो, आणि तो टाइप केलेला लागतो. त्यांच्या खुर्चीत महिन्याभरापूर्वी आलेली मुलगी होती. ती चटकन उठली. "बसा ना, बाई."

"तूच बस. मी सांगते."

बाई टेबलाच्या पलीकडे उभ्या राहिल्या, जिथे कागद घेऊन कारकून उभे राहतात. त्या सांगत गेल्या, मुलगी उतरवत गेली. तिचा वेग बरा होता. एका जागी ती थांबली.

"कारण काय लिहू?"

"अहवालात आहे तेच. डाव्या हाताच्या बोटांवर ताबा नाही."

मुलीनं लिहिलं. छापून कागद पुढे केला. बाईंनी तो सवयीनं पहिल्या ओळीपासून वाचला, एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथं जागा सुटलीय." मुलीनं दुरुस्त करून दुसरा कागद काढला. बाईंनी सही केली.

घरी पोचल्या तेव्हा पाऊण वाजला होता. भावजयीनं दार उघडलं, बाई चपला काढत असताना त्यांच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

"ताई," थोड्या वेळानं ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "दूधवाल्याला उद्यापासून अकराला यायला सांगू का? आता तुम्ही असालच."

"सांग," बाई म्हणाल्या.