जोधपूरच्या बारवेचं पाणी

ओल्या दगडाचा वास आला की मला जोधपूर आठवतं. संस्थानं विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या कॉलेजची सहल तिकडे गेली. सगळे झगमगता राजवाडा पाहायला पुढे निघाले आणि मी वाट चुकून एका निळ्या गल्लीत शिरलो. टोकाला खोल पायऱ्यांची विहीर होती, अगदी आमच्या आसेगावच्या बारवेसारखी. गावच्या सवयीने मी वरच्या पायरीवरच चपला काढल्या. घागर भरणारी म्हातारी ते पाहून हसली. "चप्पल उतारी है, तो पानी भी पीकर जा, बेटा," म्हणत तिने लोटा पुढे केला. घसा कोरडा पडला होता, तरी मी संकोचून "प्यास नहीं" म्हणालो. घरी आल्यावर आईने विचारलं, "राजवाडा कसा व्हता रे?" "पाह्यलाच नाही. आपल्यासारखी एक बारव पाह्यली." "इतक्या दूर जाऊन बारव पाह्यली? बरं, पानी गोड व्हतं काय?" मी हो म्हणालो. मग पाण्याला येणाऱ्या प्रत्येकीला ती कौतुकाने सांगायची, "माहा पोरगा सांगते, तिकडचं पानी लय गोड हाये." आता आई नाही, आणि ते पाणी कसं होतं हे मला अजूनही ठाऊक नाही.