पुन्हा आवळलेले बोल्ट

अंजनगाव सुर्जीत फवारणीचा पंप किंवा गवत कापायची मशीन बंद पडली, की लोक वर्षाली गवईच्या दुकानात जातात. दुकान तिच्या वडिलांचं, जानरावांचं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा दुकान विकायची बोलणी सुरू झाली होती. अमरावतीच्या आयटीआयमधून नुकतीच मेकॅनिक होऊन आलेली वर्षाली म्हणाली, "विकता कावून? मी आहो ना." सुरुवातीला गिऱ्हाईक मशीन तिच्यापुढं ठेवायचं आणि बिघाड मात्र जानरावांना सांगायचं. आता जानरावांकडे लोक फक्त तब्येत विचारायला येतात.

गेल्या दिवाळीनंतर गोवर्धनकाकांनी आपल्या संत्र्याच्या बागेतली गवत कापायची मशीन तिच्याकडे आणली. धूर फार सोडत होती. वर्षालीनं इंजिन सगळं खोललं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, नवं गॅस्केट टाकलं. पहिल्या ओढीतच मशीन सुरू झाली. काका खूश होऊन घेऊन गेले आणि दोन दिवसांनी तोंड पाडून परत आले.

"सुरू होते वं, पण एकदा बंद केली की मंग दोरी ओढून ओढून खांदा निखयते."

तिनं दुकानात दोरी ओढली, मशीन लगेच सुरू झाली. बंद करून पुन्हा ओढली, तरी सुरू. काका ओशाळले. "पेट्रोलच खराब असन मग," ते म्हणाले. दुसरी एखादी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. वर्षालीनं अवजारांची पिशवी उचलली. "चला काका, बागेतच पाहू."

बागेत तिनं स्वतः मशीन ढकलली. गवत गुडघाभर, ऊन चढलेलं. एक ओळ कापून झाल्यावर आडवी आलेली ठिबकची नळी बाजूला करायला तिनं मशीन बंद केली. मग दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तेच.

तिनं प्लग काढला, इंजिनाला टेकवून काकांना दोरी ओढायला लावली. ठिणगी चांगली निळी पडत होती. प्लग पेट्रोलनं ओला होता, म्हणजे पेट्रोलही पोचत होतं. प्लग परत बसवून तिनं दोरी सावकाश ओढली, आणि तिथं तिचा हात थबकला. सकाळी हीच दोरी ओढताना इंजिन हाताला मागं खेचत होतं. आता ती रिकाम्या विहिरीतून बादली यावी तशी हलकी आली. आत दाबच तयार होत नव्हता.

ती झाडाखाली बसली. काकांनी संत्री सोलून दिली, ती तिनं खाल्ली. इंजिन निवल्यावर उठून दोरी ओढली. मशीन सुरू झाली.

आता तिनं व्हॉल्व्हवरचं झाकण उघडलं आणि व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यामधल्या फटीत मोजायची पातळ पट्टी घालून पाहिली. पट्टी आत जाईना. फट उरलीच नव्हती. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो. फट नसली तर तो पुरता मिटत नाही आणि दाब निसटून जातो.

"काका, पेट्रोल चांगलं हाये. चूक माही हाये."

"तुही कशी?"

"टॅपेटची फट लावल्यावर इंजिन एकदा चालवून मी हेडचे, म्हंजे इंजिनाच्या वरच्या टोपणाचे, बोल्ट पुन्हा आवळले. पक्कं राहावं म्हणून. त्यानं हेड जरासं खाली बसलं अन् फट गेली. मी पुन्हा मोजलीच नाही."

तिनं फट नव्यानं लावली. मशीन चांगली तापवली, बंद केली, दोरी ओढली. एका ओढीत सुरू. काकांनी हसून खांदा चोळला. वर्षाली मात्र हसली नाही. असंच काम तिनं त्याच महिन्यात तेल्हाऱ्याच्या एका शाळेच्या मशीनचं केलं होतं, आणि त्या मशीनचेही बोल्ट पुन्हा आवळले होते. ते काकांना सांगून, उद्याच तिकडं जाऊन पाहते, असं ती म्हणाली.

"त्यायची तक्रार आली काय?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मंग कायले एवढ्या दूर जातं?"

"तक्रार नाही आली म्हणून मशीन बरी हाये असं थोडंच हाये, काका."

दुसऱ्या दिवशी ती स्कूटीवर तेल्हाऱ्याला गेली. शाळेचा शिपाई देवमन मैदानाच्या कडेला लिंबाखाली चहा पीत बसला होता. शेजारी मशीन बंद उभी होती.

"मशीन कशी चालते, भाऊ?"

"बेस चालते. गरम झाली की जराशी आराम मांगते. नवं काम हाये, म्हटलं घेऊ दे आराम. तिच्यासंगं मीबी बसतो."

वर्षालीनं झाकण काढलं. पट्टी इथंही जात नव्हती. काय चुकलं ते तिनं देवमनला जसंच्या तसं सांगितलं, फट लावली, आणि मशीन तापवून बंद करून त्याच्याच हातानं दोरी ओढवली. मशीन झटक्यात सुरू झाली.

देवमननं अर्ध्या कपाकडं एकदा पाहिलं. "बाई, माहा चहा बंद केला तुमी," तो म्हणाला आणि मशीन ढकलत निघाला. वर्षाली लिंबाखाली त्याच्या जागी बसली. मैदान पुरतं कापून होईपर्यंत, मध्ये त्याला मुद्दाम दोनदा मशीन बंद करायला लावून, ती तिथंच थांबली.