पाळण्यातला स्वल्प

आमच्या आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरमध्ये. घशाच्या ऑपरेशननंतर तिला बोलता येत नव्हतं. भाऊ तान्हा असताना वडिलांनी तिचा पाळणा कॅसेटवर घेऊन ठेवला होता. तो आईनेच रचलेला. बाबा बेंगळूरुच्या पीण्या भागातल्या कारखान्यातून येताना बाळाला काय काय आणणार याची लांबलचक यादी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भावाला एमपीथ्रीचं वेड लागलं. त्याने पाळणा कॉम्प्युटरवर घेतला, जागा वाचावी म्हणून दाबून एवढासा केला, आणि त्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरली. ज्याच्यासाठी गायलं त्यानेच पुसलं. महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही.

मी तेव्हा जयनगरच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करायची. पुण्याची एक संस्था मराठी पाळणे जमवते आहे असं कळलं. त्यांच्याकडे कोकणातले, विदर्भातले पाळणे होते, पण तीनशे वर्षं बेंगळूरुत नांदलेल्या आमच्यासारख्या घरांतला एकही नव्हता. आईचा तिथे असायलाच हवा, असं माझ्या मनाने घेतलं. अट एकच होती, पाव इंची स्पूल टेपवरच पाठवायचा.

"बेडम्मा, नको ते," स्टुडिओचे कानडी मालक म्हणाले. "दाबताना गेलं ते गेलं. मोठ्या टेपवर घातलं म्हणून परत येतं का?"

येत नाही, हे मलाही कळत होतं. कानाला ऐकू येणार नाही असं जे वाटतं, ते एमपीथ्री खुशाल फेकून देतं. पण उरलं होतं ते माझ्या आईचं होतं, आणि ते मी सोडणार नव्हते.

एका रिकाम्या दुपारी मी कॉम्प्युटरची वायर मिक्सरला आणि मिक्सरची स्पूल मशीनला जोडली. आधी नुसती घरघर आली. अर्थिंगचा घोळ होता, तो निस्तरला. मग अर्ध्यात करंट गेला. तिसऱ्या खेपेला पाळणा पूर्ण उतरला. आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता, पण आईचाच होता.

संस्थेच्या बाईंना मी तो फोनवर ऐकवला.

"आवाजाचं चालवून घेऊ," त्या म्हणाल्या, "पण मधलं ते कानडी तेवढं कापा. आम्हाला शुद्ध मराठी हवं."

मधे पाच वर्षांची मी भुणभुण लावते, आणि आई गाणं थांबवून म्हणते, "स्वल्प गप बैस की ग अक्का, निजंना झालंय हे." स्वल्प म्हणजे कानडीत जरासं.

"बाई, तुम्ही लिहिताना स्वल्पविराम देता ना? मग आमचाच स्वल्प का टोचतो?" मी विचारलं.

"नियम आहे," त्या म्हणाल्या.

फोनवर एवढी तणतणले खरी, पण टेप परत येईल या भीतीने मी त्या वाक्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या पेन्सिलीने खुणा केल्या आणि ब्लेड काढलं. कापण्याआधी आईने एकदा ऐकावं म्हणून तिला स्टुडिओत बोलावलं. ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती. ते वाक्य आलं आणि तिने माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं, अगदी तेव्हासारखं डोळे वटारून. मला रडू आलं. रागही आला, बाईंचा आणि त्याहून जास्त माझा. मी ब्लेड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि खुणा पुसल्या.

फॉर्मवर खरं तेच लिहिलं. कशावरून उतरवलं: एमपीथ्री. भाषा: मराठी, आमची.

टेप परत आली. मी तीच पुन्हा पाठवली. पुन्हा आली, पुन्हा पाठवली. पोस्टातली बाई मला बघून हसायला लागली होती. तिसऱ्या वेळी मात्र टेप आली नाही, पोच आली. पाळणा जसाच्या तसा दाखल झाला होता. भाषेच्या रकान्यात त्यांनी टाइप केलं होतं, मराठी.

'आमची' गाळलं होतं. मी पेन घेतलं, मराठीपुढे एक ठसठशीत स्वल्पविराम दिला आणि तो शब्द लिहून पोच त्यांना परत पाठवली.