ताई मला भांडुपला सोडायला यायच्या

अंधेरी पूर्वेला एका मोठ्या विमा कंपनीच्या तक्रार विभागात मी काही वर्षं नोकरी केली. क्लेम नामंजूर करणारे साहेब वरच्या मजल्यावर बसायचे आणि त्यांच्या वाट्याच्या शिव्या फोनवर आम्ही खायचो. फोन उचलला की आधी आपलं पूर्ण नाव सांगायचं, असा नियम होता.

एका माणसाचा क्लेम दुसऱ्यांदा नामंजूर झाला आणि ते त्याला सांगायचं माझ्या वाट्याला आलं. तो ओरडला नाही. "तुझं नाव लिहून घेतलंय," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मग, नंबर कुठून मिळवला कोण जाणे, माझ्या मोबाइलवर त्याचे मेसेज यायला लागले. एकदा लिहिलं होतं, "पिवळा ड्रेस छान आहे. गेटवर भेटूच." त्या दिवशी मी खरंच पिवळा ड्रेस घातला होता.

घरी सांगितलं असतं तर आईने नोकरीच सोडायला लावली असती. म्हणून गप्प राहिले. दुपारी सगळ्यांबरोबर बाहेर चहाला जाणं बंद केलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर घाटकोपरच्या एक बाई बसायच्या. वयाने आमच्या आयांएवढ्या, पण सगळे त्यांना ताईच म्हणायचे.

"काय गं, चहा सोडलास? कुणी पोरगा नको म्हणाला की काय?"

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून सगळे मेसेज वाचले आणि उठल्या. "चल."

खाली सिक्युरिटीचे मुख्य साहेब म्हणाले, "मेल टाका, मॅडम. प्रोसेस आहे."

"मेल टाकेल ना ती," ताई म्हणाल्या. "पण आज संध्याकाळी ती घरी कशी जाणार, ते सांगा. मेलवर बसून?"

साहेब ओशाळले. मग मात्र पटापट हलले. कंपनीच्या कागदांतून त्या माणसाचा फोटो काढून गेटवर दिला आणि आमच्याबरोबर पोलीस स्टेशनला स्वतः आले. तक्रार लिहून होईपर्यंत ताईंनी माझा हात सोडला नाही.

त्या दिवसापासून त्या मला घरी सोडायला लागल्या. मेट्रोने घाटकोपरला आलो की त्यांचं घर तिथून चालत जाण्यासारखं. पण त्या तशाच माझ्याबरोबर भांडुपला यायच्या, दारापर्यंत. आईला त्यांनी सांगितलं, "माझं इकडे काम असतं हो." आई रोज त्यांना काहीतरी खायला घालायची. एकदा आंबोळी वाढता वाढता म्हणाली, "ताई, तुमचं काम म्हणजे माझी पोरगी ना? काय झालंय?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. आई रडली, पण नोकरी सोड म्हणाली नाही. "या बाई आहेत ना तिथे," एवढंच म्हणाली.

तो माणूस शेवटी आलाच. रिसेप्शनवर माझं नाव घेऊन विचारलं. गार्डने ओळखून त्याला बसवून ठेवलं आणि पोलिसांना बोलावलं. पहिल्या मजल्याच्या काचेतून मी त्याला पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगला येणाऱ्या कुठल्याही काकांसारखा. मला भीती वाटत होती आणि त्याची थोडी कीवही येत होती. पोलिसांनी केस केली. मेसेज थांबले.

कंपनीने नियम बदलला. फोनवर खरं नाव सांगायचं नाही, दुसरं कुठलंही घ्या. ताईंनी आपल्या सासूचं नाव घेतलं. म्हणाल्या, "आता तिला खाऊ देत शिव्या!" सगळा विभाग खो खो हसला.

काही दिवसांनी मी ठरवलं, आज एकटी जायचं. ताईंनी मान डोलावली, पण भांडुपला उतरल्यावर फोन करायला लावला. केला. त्या फार बोलल्या नाहीत. फोन ओट्यावर ठेवून पोळ्या लाटत होत्या. लाटण्याचा आवाज, मधूनच कुकरची शिट्टी, नवऱ्याला "अहो, गॅस बारीक करा" म्हणून हाक. ते ऐकत मी स्टेशनपासून गल्लीपर्यंत चालत आले. दारात पोचल्यावर म्हटलं, "ताई, आले घरी."

"बरं. आता जेव," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.