भिंतीपलीकडच्या काकू

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मला हसू यायचं. नागपूरला शाळेत विज्ञान शिकवायची मी. एखादी मुलगी "मॅडम, त्या पिंपळावर काहीतरी आहे" म्हणाली, की तिला हाताला धरून पिंपळाखाली नेऊन उभी करायची. हे लिहितेय ते कोणाला घाबरवायला नाही. मला खरंच काही कळत नाहीये, म्हणून लिहितेय.

प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भोपाळजवळ मंडीदीपच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही भोपाळला आलो. कोटरा सुल्तानाबाद भागात तळमजल्यावरचं घर भाड्याने घेतलं. वर मालकीणबाई, मागे छोटंसं अंगण, अंगणाला डोक्यापेक्षा जराशी उंच भिंत आणि भिंतीपलीकडे शेजारचं घर. प्रशांत सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या... दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही. हिंदी येते हो मला! पण भाजीवाल्याशी "भैया, गिलकी कैसे दी" एवढं बोलून कोणाचं मन भरतं? आईचा फोन आला की "मस्त चाललंय गं" म्हणायची आणि फोन ठेवून ओट्याला टेकून रडायची. प्रशांतपुरती खिचडी टाकायची, स्वतः चहावर राहायची. आपल्याला वेड लागणार, असं खरंच वाटायला लागलं होतं.

अशाच एका दुपारी अंगणात कपडे वाळत घालताना रडू फुटलं. तर भिंतीपलीकडून आवाज —

"काहून रडून राहिली गं? जेवली का?"

अरे बाप्पा! अस्सल आमच्याकडचं बोलणं! मी कशीबशी "नाही" म्हटलं. थोड्या वेळाने भिंतीवरून एक हात आला. हिरव्या बांगड्या, हातात स्टीलची वाटी. वाटीत पाटोडीचा रस्सा, वर लालभडक तर्री. उभ्याउभ्याच खाल्ला मी. उरलेला रात्री प्रशांतने बोटं चाटून संपवला.

आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या घरातली शिस्त. म्हणून दुसऱ्या दिवशी कढई काढली, शिरा केला, आणि वाटी भरून भिंतीवरून दिली. मग ती वाटी त्यांच्याकडून भरून आली. मग माझ्याकडून गेली. रोज काहीतरी करावंच लागायचं, आणि केलं की मीही दोन घास खायची. दुपारी भिंतीला पाठ टेकून गप्पा. मी त्यांना काकू म्हणायला लागले. त्याही नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या. "दोन वर्षांत परत जाऊ म्हणाले होते," एवढंच म्हणायच्या. एकदा म्हटलं, स्टूल आणते, तोंड तरी बघू द्या! तर म्हणाल्या, "नको गं, अवतारात आहे मी."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला मी कुंकवाची कुयरी घेऊन त्यांच्या दारात गेले. फाटकाला कुलूप. गंजलेलं. पायरीवर पाचोळा साचलेला. वर जाऊन मालकीणबाईंना विचारलं.

"उसमें कौन रहेगा बेटा? हम तो जब से आए हैं, बंद ही देख रहे हैं."

त्यांच्याच गच्चीवरून वाकून पाहिलं. आमच्या भिंतीपलीकडे एरंड आणि काटेरी झुडपं माजलेली. पाय ठेवायला जागा नव्हती.

प्रशांतला सांगितलं तर आधी हसला, मग डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर भला माणूस. नवीन शहर, एकटेपणा, स्ट्रेस... असं होतं म्हणाला, झोपेच्या गोळ्या दिल्या. घरी येऊन मी प्रशांतला म्हटलं, "अरे, रस्सा तर तूही खाल्ला नं!"

"तूच केला असशील. तुला आठवत नसेल."

"आणि ही वाटी?"

"असेल आपलीच."

आपलाच माणूस आपल्याकडे अशा नजरेने बघायला लागला की आपल्यालाही आपली खात्री राहत नाही.

गोळ्या घेऊनही आवाज येतच होता. शेवटी प्रशांतने घर बदलायचं ठरवलं. ठरवलं त्याच रविवारी दुपारी तिळाचे लाडू घातलेली वाटी त्याने माझ्या हातातून घेतली. "चल, आज मी देतो तुझ्या काकूंना," म्हणाला. मला खोटं पाडायलाच निघाला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. त्याने वाटी भिंतीच्या वर धरली.

वाटी त्याच्या हातातून घेतली गेली... अगदी हळूच. आणि आवाज आला,

"जावईबापू, तिला घेऊन चालले का?"

प्रशांत आत आला तो पांढराफटक. पाणी प्यायला. "सामान बांध," एवढंच म्हणाला. त्या दुपारबद्दल त्यानंतर तो एक अक्षर बोललेला नाही. मी विषय काढला की उठून जातो.

टेम्पो दारात लागला तेव्हा मला राहवेना. मागे अंगणात गेले. म्हटलं, "काकू, निघाले मी." मग अगदी भिंतीला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला — "मलाही घेऊन चल नं गं."

समोरून प्रशांत हाका मारत होता. मी तोंडात पदर कोंबला आणि जाऊन टेम्पोत बसले.

आता दुसऱ्या वस्तीत राहतो आम्ही. मला एका शाळेत काम मिळालंय, शेजारणी चांगल्या आहेत, गोळ्या बंद झाल्या. म्हणजे डॉक्टरच्या हिशेबाने मी बरी झाले. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. भीती नाही वाटत, पण जेवायला बसले की घास अडकतो. परक्या गावात मी मरायला टेकले होते, तेव्हा त्या बाईने मला जेवायला घातलं. आणि तिने एवढं एकच मागितलं... कशी आणणार होते हो मी तिला? कुठे हात धरायचा होता?