अंजुगम अक्काचा अंगठा

चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर, लॅपटॉप दुरुस्तीच्या गल्लीत, माझं टेबल अंजुगम अक्काच्या टेबलाला लागून आहे, त्याला एकवीस वर्षं झाली. पातळ, महागडा लॅपटॉप उघडायचा असला की अख्खी गल्ली तिच्याकडे बोट दाखवते. गिटार वाजवायच्या नखीने ती झाकण कडेकडेने असं उचकटते की ओरखडा दिसणार नाही. आतली डिस्क काढून मोठी घालायची, पंखा पुसायचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, काम आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. ही आमच्या गल्लीची रीत. मशीन परत आलं तर भांडण नको.

बाई मोठी देवभोळी, पण चार वर्षं तिने देवीशी अबोला धरला होता. नवमीला आयुधपूजेत आम्ही हत्यारांना चंदन-कुंकू लावायचो, मुरमुरे वाटायचो, रस्त्यावर कोहळा फोडायचो. ती आदल्या दिवशीच टेबलावर कापड टाकून निघून जायची.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी तिने मुलाच्या, इनियनच्या, लॅपटॉपमध्ये नवमीच्या आदल्या संध्याकाळी मोठी डिस्क घातली. दुसऱ्या दिवशी घरच्या पूजेत तो मांडला, त्यालाही चंदन लावलं. पूजेनंतर तो काही केल्या चालू होईना, आणि इनियनला संध्याकाळपर्यंत नोकरीसाठी काम पाठवायचं होतं.

"अम्मा, तुझं चंदन आत गेलंय! उघड आत्ताच्या आत्ता."

"आज हत्यार उचलायचं नसतं रे राजा. उद्या सकाळी पहिला तुझाच."

"मग तुझ्या देवीलाच सांग, माझं काम पाठव म्हणून!"

लॅपटॉप पाठीवर टाकून तो तणतणत गाडीवरून निघाला. सैदापेटच्या सिग्नलला लॉरीने उडवलं. पोरगं जागच्या जागी गेलं. लॅपटॉपचा नुसता कोपरा चेपला. सोळाव्या दिवसाचे विधी झाल्यावर तिच्या नवऱ्याने, धनपालने, तो न उघडताच विकून टाकला.

मला धाकटा भाऊ मानून 'तंबी' म्हणणारी अक्का तेव्हापासून चहा पिताना मध्येच विचारायची, "तंबी, खरंच चंदन आत गेलं असेल का रे?"

मी तिचा ग्लास पुढे सरकवायचो. चहा निवून जायचा.

गेल्या आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, यामिनी नावाची कॉलेजातली मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "आंटी, जागा संपलीय. जुनाच घेतला होता, मोठी डिस्क घालून द्या ना."

अक्काचं बोट चेपलेल्या कोपऱ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. कोपरा मीही ओळखला, इनियनचाच लॅपटॉप.

"अक्का, दे इकडे. मी करतो."

"गप बस."

तिने स्क्रू काढले, नखी फिरवली. बिजागरीच्या फटीत चंदनाची वाळकी पिवळी रेघ होती. बोर्डापर्यंत ती पोचलीच नव्हती.

"गेलं नव्हतं रे!" अक्का हुंदके देऊ लागली. "बघ, आत गेलंच नव्हतं!" यामिनी बावरून माझ्याकडे बघायला लागली.

मग अक्काने झाकण उलटं केलं. वर तिचंच अक्षर होतं: 'डिस्क बदलली. अं.' त्याखाली महिन्याभरानंतरची तारीख आणि कुणाचं तरी अनोळखी अक्षर: 'चालू होत नव्हता. बॅटरीची पिन अर्धवट बसलेली. दाबली. बाकी काही नाही.'

तिने ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. डिस्क बदलताना आधी ती पिन काढावी लागते आणि शेवटी टक् आवाज येईपर्यंत अंगठ्याने दाबावी लागते. त्या संध्याकाळी अंगठा तिचाच होता.

"एवढंच होतं रे तंबी," ती म्हणाली. "त्या दिवशी उघडला असता, तर एवढंच होतं."

तिने नवी डिस्क बसवली, पंखा पुसला, चंदनाच्या रेघेला मात्र हात लावला नाही. मग उघडं मशीन माझ्याकडे सरकवलं. "पिन तू दाब."

यंदाच्या नवमीला ती थांबली. सगळ्यांच्या आधी येऊन चंदन उगाळलं आणि गालांवर मारून घेत देवीची माफी मागितली. लोक म्हणाले, बरं झालं, अक्का सावरली. मला त्यांचा राग आला.

गल्लीतले पातळ लॅपटॉप अजून तीच उघडते. सगळं करते आणि शेवटी मशीन माझ्या टेबलावर सरकवते. मी अंगठा ठेवतो, ती श्वास रोखून बसते. टक् होतं.

"बसली ना रे?"

"बसली, अक्का."

"पुन्हा दाब."

मी पुन्हा दाबतो.