भाषणापुरतं थांबलेलं मशीन

सगळा गाव तिला वहिनी म्हणायचा. नवरा गेल्यावर तिने दरीकडच्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या, तेव्हा लोक पाठीमागे हसले होते. या डोंगरात येणार कोण? पण लोक आले. शहराच्या गोंगाटाला विटलेली माणसं व्हरांड्यात खुर्ची टाकून दरीकडे बघत बसायची आणि निघताना म्हणायची, "वहिनी, इथं झोप लागली हो!" पर्यटन विभागानेही मनावर घेतलं. तिला प्रशिक्षणाला बोलावलं, दारावर पाटी लावून दिली, घाटातला रस्ता डांबरी केला.

पुढच्या वर्षी त्याच डांबरी रस्त्याने ड्रिलिंगचं मशीन आलं.

दरीपलीकडच्या कड्यात तांबं असावं असा अंदाज होता. ते शोधणाऱ्या कंपनीला सरकारने मदत जाहीर केली, आणि मशीन बसलं ते नेमकं वहिनीच्या व्हरांड्यासमोर. उजाडायच्या आत घरघर सुरू व्हायची, मग खडकात ड्रिलचं टोक शिरलं की कानात करकर. फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या. आज आलेला पाहुणा उद्या बॅग भरायचा. एक निवृत्त शिक्षिका तर न्याहारीलाही थांबली नाही. "फोनवरच सांगायचं होतंत," एवढंच म्हणाली. वहिनीला ते फार लागलं.

बरं, तोंड उघडायची सोय नव्हती. तिचा धाकटा दीरच मशीनवर कामाला होता. इतकी वर्षं मिळेल ते काम करून दमलेल्या माणसाला पहिल्यांदा धड नोकरी लागली होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं की तो जरा ताठच चालायचा.

"भाऊजी, निदान सकाळी उशिरा सुरू करा की," ती एकदा म्हणाली.

"माझ्या हातात असतं तर केलं नसतं का? वर सांगा, वहिनी."

म्हणून ती बस धरून सरकारी कचेरीत गेली. पर्यटनाच्या साहेबांनी सगळं ऐकून मान डोलावली. "तुमचं बरोबर आहे. पण आवाज हा खनिज खात्याचा विषय." खनिज खातं एक मजला वर. तिथल्या बाई म्हणाल्या, "शोध तात्पुरता असतो हो. उलट आमची माणसं तुमच्याकडेच उतरतील, खोल्या भरतील!"

"आणि आवाजाला कंटाळून गेलेले पाहुणे?"

"ते पर्यटनवाल्यांना विचारा."

"त्यांनीच तर वर पाठवलं मला!"

बाई हसल्या. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कंपनीची माणसं खरंच उतरली. स्वभावाने चांगली होती, पण त्यांच्या कपड्यांतल्या खडकाच्या भुकटीने मोरी सारखी तुंबायची. हात घालून ती मोकळी करताना वहिनी एकटीच बडबडायची.

त्यातच पर्यटन विभागाने तिच्या घराच्या वर, अलीकडच्या कड्याच्या टोकाला, दरी बघण्यासाठी लोखंडी सज्जा बांधला. उद्घाटनाला मंत्री येणार होते. वहिनीला पहिल्या रांगेत बसवलं. मंत्र्यांची गाडी वळणावर दिसताच कुणीतरी फोन लावला, आणि मशीन थांबलं.

सगळा डोंगर एकदम गप्प झाला. खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं. कितीतरी महिन्यांत तिने ते ऐकलं नव्हतं. तिला बरं वाटायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचं.

"या खोऱ्यात खाणही येईल आणि पाहुणाही येईल!" मंत्री म्हणाले. टाळ्या पडल्या. वहिनी उठून उभी राहिली.

"साहेब, मशीन आत्ता कुणी बंद केलं?"

पर्यटनाचे साहेब घाईने जवळ आले. "वहिनी, नंतर बोलू."

"नंतर ते सुरू होईल, मग ऐकू कुणाला येणार? तुमच्या भाषणासाठी एका फोनवर थांबतं. मी जिने चढून चढून थकले!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मंत्री म्हणाले, "लक्ष घालतो, ताई." आणि नवल म्हणजे त्यांनी घातलं. मशीन न्याहारीच्या वेळेनंतर सुरू करायचा हुकूम आला.

पण पुढच्या महिन्यात कंपनीने गाशाच गुंडाळला. तिच्याकडे उतरलेल्या भूगर्भतज्ज्ञ मुलीने जाताना सांगितलं, "तांबं फारच कमी निघालं, वहिनी. आम्ही तसंही जाणारच होतो."

दिराला हे पटलं नाही. दारात उभा राहून तो म्हणाला, "भर सभेत बोललात आणि माझ्या पोटावर पाय आणलात."

"भाऊजी, त्या मुलीला विचारा हवं तर. आणि इथं काम आहेच की. पाहुण्यांना डोंगर दाखवा."

"लोकांच्या बॅगा उचलू?" तो म्हणाला, आणि मशीनच्या ट्रकमागोमाग दुसऱ्या खोऱ्यात निघून गेला.

आता दोन खोल्यांत अधूनमधून माणसं येतात, दोन बंदच असतात. दीर शेजारच्या घरी राहिलेल्या आपल्या बायकोला फोन करतो. वहिनीची चौकशी करत नाही. सज्ज्यावर सहली येतात, फोटो काढतात आणि राहायला शहरात परततात. संध्याकाळी वहिनी तिथले कागद आणि बाटल्या गोळा करते. ते काम कोणत्या खात्याचं, हे विचारायला मात्र ती पुन्हा कधी कचेरीत गेली नाही.